आप्पांचं तोंड आलं होतं तेव्हा

तोंड येणं हा काय आजार आहे का? कुणाचंही येतं. दोन दिवस तिखट खाता येत नाही, चहाचा घोट घेतला की डोळ्यात पाणी येतं, आणि मग माणूस विसरूनही जातो. पण माझ्या आप्पांचं तोंड आलं आणि आमच्या घरातलं सगळं बदललं, आणि ते माझ्यामुळं बदललं. म्हणून लिहितेय. फोनवरच, एका दमात. चुका असतील तर असू द्या, मधे थांबले तर मी परत लिहिणार नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. उदगीरमध्ये रिक्षातून पुकारा करायचे. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर बॅटरी आणि मशीन, आणि पुढं ड्रायव्हरच्या बाजूला माईक धरून आप्पा. रिक्षा, भोंगे, माईक सगळं एका मंडपवाल्या मालकाचं. आप्पांचा फक्त आवाज. सप्ताह असो, साड्यांचा सेल असो, कुणाचं लेकरू बाजारात हरवलेलं असो, कुणाची अंत्ययात्रा असो, गावाला कळायचं ते आप्पांच्या तोंडून.

आणि त्या साली तर पाणी. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं ते सगळ्या देशाला माहीत झालं, पण आमच्याकडंही पंधरा-पंधरा दिवस नळ कोरडा असायचा. कुठल्या प्रभागाला कधी पाणी सुटणार हे सांगायचं नगरपालिकेचं काम मालकानं घेतलं होतं, म्हणजे आप्पांनी. लोक कामावरची सुट्टी त्या पुकाऱ्यावर ठरवायचे. बाया माहेरी जायच्या थांबायच्या.

आप्पांची एक पद्धत होती, ती नीट सांगते. मालकाकडून कागद आला तरी आप्पा तसा वाचायचे नाहीत. आधी सायकल काढून टाकीवर जायचे. तिथं व्हॉल्व फिरवणारा माणूस होता, त्याला विचारायचे, "कागदावर सकाळ हाय. टाकी भरली का पर?" तो वर चढून बघायचा आणि मग सांगायचा. कधी म्हणायचा, "आप्पा, दुपार धरा." मग आप्पा दुपार सांगायचे. शिवाय गल्ली बदलली की त्यांची बोली बदलायची. मुसलमान मोहल्ल्यात पहाटेच्या नमाजाची वेळ धरून "सुनो भाई, कल फजर के बाद पानी छूटेगा, बर्तन तय्यार रक्खो." आमच्या लिंगायत गल्लीत मधेच दोन शब्द कानडी. तांड्याकडं गेले की हळू बोलायचे, कारण तिथल्या म्हाताऱ्यांना भरभर बोललेलं कळायचं नाही. मी लहानपणापासून हे ऐकलेलं, त्यामुळं मला त्यात काही विशेष वाटायचंच नाही.

त्याच साली नव्या जिल्ह्याची हवा होती. उदगीर जिल्हा होणार, आज होणार, उद्या होणार. चहाच्या टपरीवर लोक आधीच भांडायचे, देवणी तालुका आपल्यात येणार का, मुखेडवाले यायला तयार आहेत का. एका दुकानदारानं नवी पाटी रंगवून घेतली तर त्यावर 'ता. उदगीर, जि.' एवढंच आणि पुढं कोरी जागा. आप्पा जेवताना म्हणायचे, "जिल्हा झाला की पहिला पुकारा माझा. फुकट करीन." आई म्हणायची, "तुमी काय दुसरं करतावं?" आई अशीच बोलते. आम्ही तिला अव्वा म्हणतो.

तर मार्चमध्ये जिल्ह्याच्या मागणीची मोठी सभा ठरली. आठ दिवस पुकारा, उदगीर आणि आजूबाजूची खेडी. मालकानं आप्पांना सांगितलं, सोमवारपासून सुरू. आणि त्याच्या बारा-तेरा दिवस आधी आप्पांचं तोंड आलं.

तीन फोड. एक खालच्या ओठाच्या आत, एक जिभेच्या कडेला, एक गालाला. मधे पांढरं, कडेनं लालभडक. ऊन, जागरण, बोअरचं खारं पाणी, काय कारण होतं देव जाणे. अव्वानं सगळं करून बघितलं. खोबरं चावायला दिलं, तूप लावलं, जाईचा पाला आणला, तुरटीच्या पाण्यानं गुळण्या. तुरटीनं तर आप्पा खाटेवर आडवे झाले. तरी रोज रिक्षात जायचे. 'पाणी' म्हणताना ओठ मिटायचा आणि फोड दबायचा. 'सात' म्हणताना जीभ घासायची. मी कॉलेजहून येताना चौकात त्यांचा आवाज ऐकला आणि मला वाटलं कुणीतरी म्हातारा बोलतोय.

मग मी त्यांना दातांच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. ओढून नेलं म्हणा. बाईंनी विचारलं, "गुटखा? तंबाखू?"

आप्पांनी मान हलवली. बरोबर आलेली अव्वा बोलली, "सुपारीबी न्हाई ओ बाई. ह्यांच्या तोंडात शब्दाशिवाय काय नसतंय."

बाई हसल्या. घाबरायचं काही नाही म्हणाल्या, आणि एक मलम लिहून दिला. सूज उतरवणारा, तोंडातच लावायचा. दिवसातून तीनदा, जेवण झाल्यावर आणि झोपताना. आठवड्यात फरक पडला नाही तर परत या, आपल्या मनानं पुढं लावत बसू नका. एवढं सांगेपर्यंत बाहेर दुसरा पेशंट रडायला लागला आणि आम्ही उठलो.

इतकीशी ट्यूब होती, बोटाएवढी. आणि आमच्या घरात तोंडात काही लावायचं म्हणजे काय, तर राखुंडी. आप्पा रोज सकाळी राखुंडीनं दात घासतात, अजूनही. त्यामुळं आप्पांनी मलम घेतला बोटावर आणि राखुंडीसारखा कचाकचा चोळला. फोडावर! आणि मग थुंकले. आणि मग तांब्याभर पाण्यानं चूळ भरली, ते पण असल्या दुष्काळात.

मी ओरडले, "आप्पा, थुकलात?"

"मग काय गिळू?"

"औषध आहे ते!"

"चांगलं न्हाई औषध. वाळूवानी लागतंय. करकर."

तीन दिवस हेच चाललं होतं आणि मला तिसऱ्या दिवशी कळलं. फोड तसेच, उलट चोळून चोळून ओठाचा मोठा झाला होता. मी खोक्यातला कागद काढला, मुंगीएवढी अक्षरं, फोनवर मोठं करून वाचलं. चोळायचा नाहीच मुळी. चोळला की त्याची रवाळ भुकटी होते. जागा आधी कापसानं कोरडी करायची, बोटाच्या टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढा घ्यायचा आणि नुसता टेकवायचा. मग त्याचा गुळगुळीत पडदा होतो आणि तो फोडावर बसून राहतो. मग अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही, आणि तोंड फार हलवायचं नाही.

मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, "मग मी पुकारा कवा करू?"

खरंच होतं. पुकारा करणाऱ्या माणसाला दर दोन मिनिटाला पाण्याचा घोट लागतो. दुपारच्या जेवणानंतर लावलेला मलम पहिल्या चौकातच धुऊन जायचा. आणि सोमवार आठ दिवसांवर आला होता. सभेचा पुकारा गेला असता तर मालकानं लातूरहून दुसरा माणूस आणला असता, आणि एकदा दुसरा आला की तोच राहतो. हे आप्पा बोलले नाहीत, पण आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

आणि मग माझ्या डोक्यात ती आयडिया आली. मला अजून आठवतं, मी भांडी घासत होते आणि हातातली ताटली तशीच टाकून पळत आले. "आप्पा! एकदाच बोला. मी फोनवर भरून घेते. रिक्षात मेमरी कार्ड लावायचं आणि तुम्ही घरी गप्प बसायचं. फोड बरे होईपर्यंत!"

अव्वा म्हणाली, "गप्प? हे? दोन दिस गप बसले तर ताप येईल."

पण आप्पा हो म्हणाले. मालकही लगेच हो म्हणाले, त्यांना काय. दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपाच्या गोदामात, गाद्यांच्या ढिगामधे बसून आम्ही रेकॉर्डिंग केलं, कारण तिथं बाहेरचा आवाज येत नाही. आणि मी किती हुशार बघा. मी म्हणलं, एक-एक पुकारा कशाला, तुकडे भरू. प्रभाग एक, प्रभाग दोन, असे सगळे. सोमवार ते रविवार. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. 'पाणी सुटणार आहे.' 'पाणी सुटणार नाही.' 'भांडी भरून ठेवा.' मग पाहिजे ते जोडता येईल, कधीही! आप्पा प्रत्येक तुकड्यानंतर गाल धरून बसायचे आणि मी म्हणायचे, "अजून एकच, आप्पा." एकच एकच करत दुपार गेली. उर्दू आणि कानडी राहून गेलं. म्हणलं जाऊ दे, लोकांना मराठी कळतंच की.

कार्ड मी स्वतःच्या हातानं मालकाला दिलं. ड्रायव्हरला कसं जोडायचं तेही मीच शिकवलं. मालक म्हणाले, "पोरगी लई शार्प हाय, आप्पा." आप्पांनी माझ्याकडं अशा कौतुकानं बघितलं की मला आत्ता लिहिताना पण कसंतरी होतंय.

पुढचे सहा दिवस मी मलम लावला. खिडकीजवळ आप्पांना स्टुलावर बसवायचं, फोनचा टॉर्च लावायचा, आणि म्हणायचं, आ करा. वडिलांच्या तोंडात मी तोपर्यंत कधी बघितलं नव्हतं. कोण बघतं? दाढा झिजलेल्या, एक पडलेली आणि आम्हाला माहीतच नाही, टाळू खडबडीत. जिभेच्या मधोमध एक चीर. मी कापूस टेकवला की ते डोळे मिटायचे, पण हलायचे नाहीत. मी मलम टेकवायचे आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवायचे. अर्धा तास. आप्पा गप्प.

ते दिवस आमच्या घरातले लई शांत दिवस होते, आणि खोटं कशाला बोलू, मला आवडले. आप्पा खुणा करायचे. अव्वा मुद्दाम न कळल्यासारखं करायची. त्यांनी पाणी मागितलं तर हातात कंगवा द्यायची.

चौथ्या दिवशी गालाचा फोड गेला. मग जिभेचा. रविवारी सकाळी ओठ धरून आरशात बघितलं तर नुसता गुलाबी डाग. आप्पांनी सगळ्यात आधी काय केलं? अंगणात उभं राहून पोटातून हाक मारली. "सुनो भाई!" शेजारच्या काकू पदर सावरत बाहेर. "कुठल्या प्रभागाला ओ आप्पा?"

मलम बंद केला. ट्यूबमधे अर्धा राहिला होता.

त्याच रविवारी दुपारी मालक घरी आले. हातात सभेचा कागद. म्हणाले, "आप्पा, उद्यापासून दोन रिक्षा हायत. एक गावात, एक खेड्याला. दुसऱ्या रिक्षासाठी हे पण भरून द्या की, पोरीला जमतंय."

आम्हाला त्यात काहीच वाकडं वाटलं नाही. दोन रिक्षा, आप्पा एक, म्हणजे बरोबरच की. घरातच भरलं. आणि आप्पा काय बोलले! दहा दिवस दाबून ठेवलेला आवाज. "आपल्या हक्काचा जिल्हा" म्हणताना मी फोन हातभर मागं घेतला. एकदाच, चूक नाही, परत नाही. मी म्हणलं, "आप्पा, भारीच!" मालक कार्ड खिशात घालून चहा पिऊन गेले.

सोमवारी आप्पा लवकर उठले. पूजा केली, लिंगाचं तीर्थ घेतलं, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. नऊ वाजता मंडपाच्या दुकानात गेले. मी कॉलेजला निघाले होते. सव्वानऊला परत आले, मी अजून चप्पल घालत होते.

"काय झालं?"

"दोन्ही गेल्या."

"कोण गेल्या?"

"रिक्षा. दोन्हीत कार्ड हाय. मालक म्हणले, आप्पा, तुमी आराम करा, आत्ताच तोंड बरं झालंय. आवाज तर हाय की."

अव्वा चुलीपाशी होती, तिनं जळतं लाकूड मागं ओढलं. मालकाला आता नुसतं कार्ड पाहिजे, हे मला तेव्हाच कळलं.

मी कॉलेजला न जाता दुकानात गेले. मालक गल्ल्यावर. मी म्हणलं, "काका, कार्ड द्या माझं."

"तुझं? कार्ड दुकानाचं हाय, बाई."

"आवाज आप्पांचा आहे."

"आप्पांनीच दिला की. तू दिलीस." रागात नव्हते ते. समजावून सांगत होते, शिकवणीच्या सरांसारखं. "हे बघ, आता सगळीकडं असंच हाय. मयत-बियत असली, नाव घालायचं असलं, तर बोलवीन मी त्यांना."

आठ दिवस जिल्ह्याचा पुकारा चालला. रिक्षा आमच्या गल्लीतून पण जायची. आप्पा ओट्यावर बसलेले आणि आप्पाच बोलत जायचे. शेजारचे लोक आधी हसले, "आप्पा, तुमी हितं बी आन् तिथं बी?" मग त्यांना सवय झाली. जिल्हा काही झाला नाही, ते तुम्हाला माहीतच आहे.

पण आप्पा खरे खचले ते पाण्यानं.

एप्रिलमधली गोष्ट. रिक्षा आली आणि सांगून गेली, "प्रभाग सात, बुधवारी सकाळी, पाणी सुटणार आहे. भांडी भरून ठेवा." आप्पा ओट्यावरून उठले. सायकल काढली. सवयीनं गेले असतील. अर्ध्या तासात परत आले ते घामेघूम. टाकी रिकामी होती. व्हॉल्ववाला म्हणाला होता, शुक्रवारशिवाय काही नाही, मालकाला सांगितलंय. ड्रायव्हरनं जुनाच तुकडा लावला होता.

आप्पा मालकाकडं गेले नाहीत. रिक्षाच्या मागं गेले. मी पण गेले, कारण त्यांच्या पायात चप्पल नव्हती आणि मी ती घेऊन पळाले. रिक्षा पुढं, भोंगे जोरात, आणि मागून आप्पा सायकल हातात धरून, तोंडानं, बिनमाईकचे. "ओ ताई, बुधवारी न्हाई! शुक्रवारी! टाकी खाली हाय!"

एक बाई दारात उभी होती. तिनं रिक्षाकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं. म्हणाली, "आत्ता तर बुधवार म्हणलाव की."

"ते मी न्हाई, ताई."

"मग कोण हाय? आवाज वळकीत न्हाई का आमी?"

आप्पा बोलायला गेले, तेवढ्यात कोपऱ्यावरून भोंगा परत बुधवार म्हणाला. बाई आत गेली. पुढच्या मोहल्ल्यात त्यांनी उर्दूत सांगितलं. तिथं एक चाचा म्हणाले, "आप्पा, एक बात बोलो. या ये, या वो." आप्पा एकेका दारात थांबत गेले. मी मागं, हातात चप्पल. मला माईक पाहिजे होता, भोंगा पाहिजे होता, आणि तो माझ्यामुळंच दुसऱ्याच्या हातात होता.

बुधवारी प्रभाग सातमधल्या बाया घागरी मांडून दुपारपर्यंत बसल्या. एकीनं तर शेतातली मजुरी सोडली होती. पाणी आलं नाही. संध्याकाळी चार-पाच जणी आमच्या दारात आल्या. मालकाच्या नाही. आमच्या. "आप्पा, तुमी असं करायचं न्हाई. तुमच्या बोलण्यावर लेकरं पाजतो आमी."

मी पुढं झाले, "अहो, ते रेकॉर्डिंग..."

आप्पांनी मला हातानं थांबवलं. "चुकलं, माय. आवाज माझाच हाय. शुक्रवारी येईल," म्हणाले, आणि हात जोडले. त्यांनी हात का जोडले हे मला तेव्हा कळलं नाही, आणि मला लई राग आला होता त्यांचा.

शुक्रवारी पाणी आलं. पण त्यानंतर आप्पा ओट्यावर बसायचे बंद झाले. रिक्षाचा आवाज लांबून आला की आत जाऊन रेडिओ मोठा करायचे. मालकानं एकदा मयतीच्या पुकाऱ्याला बोलावलं, तर निरोप पाठवला, घसा बसलाय. घसा काही बसला नव्हता. जूनमध्ये ते लातूरला एका डाळमिलमध्ये लागले, पोती मोजायला. मी एकदा डबा घेऊन गेले होते. आत मशीनचा इतका गोंगाट की माणसं एकमेकांना बोटानं सांगतात. तिथं कुणाला माहीतच नव्हतं की ह्या माणसाला आवाज आहे.

गेल्या महिन्यात सुट्टीला आले होते. मी धीर करून विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणलं, "आप्पा, मी ते भरून दिलं नसतं तर?"

ते जेवत होते. ठेच्यात भाकरी बुडवून आरामात खात होते. घास संपवला, पाणी प्याले.

"उगं काय बी नको काढू, बाई," म्हणाले. "तोंड तर बरं केलंस की माझं."